बार्न (इंग्लंडमधली गावकऱ्यांची इंटरनेट कंपनी)

बार्न ही इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर परगण्यात २०११ साली गावकऱ्यांनी मिळून काढलेली इंटरनेट सेवा देणारी संस्था. पूर्ण नाव ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ. रोमन लिपीत नाव लिहिताना मध्ये ४ हा आकडा घालतात, तो 'फॉर'चा पण आहे आणि दिसायला ए अक्षरासारखा पण आहे, त्यामुळे सगळे बार्न असंच म्हणतात, आणि बार्न म्हणजे शेतावरचं कोठार, म्हणजे नाव अगदी चपखल बसलंय. ऑफिस मेलिंग नावाच्या छोट्या गावात आहे.

मुळात गरज का पडली ते बघू. लून नदीच्या खोऱ्यात आणि आजूबाजूच्या डोंगराळ भागात घरं विखुरलेली, एका शेतापासून दुसरं शेत लांब. इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून, आणि त्या तारेचा स्वभावच असा की एक्स्चेंजपासून जितकं लांब जाल तितका सिग्नल क्षीण होत जातो, पाच-सहा किलोमीटरवर तर काही उरतच नाही. मोठ्या कंपन्यांना तिथे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची वेगवान केबल, टाकणं परवडत नव्हतं. सरकारने तेव्हा जे टार्गेट ठेवलं होतं त्यात ९० टक्के लोकांना फास्ट ब्रॉडबँड आणि उरलेल्या १० टक्क्यांना निदान २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट, नेटचा वेग मोजायचं माप) असं होतं, आणि ही गावं त्या उरलेल्यांत येणार हे उघड होतं. दुसरीकडे जनावरांच्या नोंदी, अनुदानाचे अर्ज, टॅक्स हे सगळं ऑनलाइन होत चाललेलं, म्हणजे शेतकऱ्याला नेट ही चैन नव्हती, कामाचं अवजारच होतं.

रे नावाच्या गावात त्याआधीच लँकेस्टर विद्यापीठाच्या मदतीने वायरलेस नेटवर्कचा प्रयोग झाला होता, त्यामुळे नेट मिळालं की काय बदलतं ते लोकांनी पाहिलेलं होतं. त्या भागातल्याच शेतकरी कुटुंबातल्या क्रिस काँडर कित्येक वर्षं या मागणीसाठी भांडत होत्या, आणि विद्यापीठात नेटवर्कचं काम केलेले बॅरी फोर्ड तांत्रिक बाजू सांभाळायला आले. पुढे दोघांनाही एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला.

आता खरी गंमत. फायबरची केबल महाग नसते, महाग असतं ते खोदकाम. रस्ता फोडा, ट्रॅफिक वळवा, परत डांबर टाका, शिवाय दुसऱ्याच्या जमिनीतून जायचं तर मालकाला भाडं द्या, सगळा पैसा यातच जातो. बार्नने रस्ता सोडला आणि शेतातून गेले, कारण शेतं सभासदांचीच होती, भाडं त्यांनी माफ केलं, आणि खणायला ट्रॅक्टर, डिगर आणि माणसंही तिथलीच. आधी जमिनीत पोकळ प्लास्टिकचा पाइप पुरायचा आणि मग कॉम्प्रेसरच्या हवेने त्यात केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंची केबल फुंकून पुढे ढकलायची, ती शेकडो मीटर आत सरकत जाते. तंतू एकमेकांना वितळवून जोडायचं काम नाजूक असतं, तेही गावातल्या स्वयंसेवकांनी शिकून घेतलं. मला यात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, तंत्रज्ञान जगात सगळीकडे तेच होतं, फरक पडला तो जमीन आणि श्रम लोकांनी स्वतःहून दिल्यामुळे.

पैसा शेअर विकून उभा केला. कायद्याने ही कम्युनिटी बेनिफिट सोसायटी आहे, म्हणजे शेअर कितीही घ्या पण एक सभासद एक मत, आणि नफा परत समाजाच्याच कामाला लावायचा. १,५०० पौंड गुंतवणाऱ्याला जोडणी आणि पहिल्या वर्षाची सेवा फुकट अशीही सोय होती. काहींनी खणण्याच्या मजुरीच्या बदल्यात शेअर घेतले, म्हणजे ज्याच्याकडे रोकड नव्हती तोही मालक झाला.

२०१२ मध्ये पहिली घरं जोडली गेली. क्वेर्नमोर, आर्कहोम वगैरे गावं सुरुवातीची. स्पीड १ जीबीपीएस, म्हणजे १,००० एमबीपीएस, आणि डाउनलोडला जितका तितकाच अपलोडलाही, तेव्हा महिना ३० पौंडात. त्या २ एमबीपीएसच्या टार्गेटशेजारी हा आकडा ठेवून बघा. तेव्हा इंग्लंडच्या मोठमोठ्या शहरांतही घरोघरी असं कनेक्शन मिळत नव्हतं. गावांमधलं हे जाळं मँचेस्टरपर्यंत नेऊन तिथे बाकीच्या इंटरनेटला जोडलेलं आहे.

नंतर काम पसरत गेलं, कंब्रिया, यॉर्कशायर डेल्स, चेशायर, आणि पार पूर्वेला ईस्ट अँग्लियापर्यंत. ग्राहक दहा हजारांच्या वर गेले. पुढच्या टप्प्यात सरकारच्या गिगाबिट व्हाउचरचा, म्हणजे वेगवान जोडणीसाठीच्या अनुदानाचा, पैसाही वापरला गेला आणि पगारी माणसंही वाढली, तरी पद्धत मूळचीच राहिली. अडचणी येतातच, एखादा जमीनमालक नाही म्हणाला की पाइप लांबून वळवून न्यावा लागतो, मधे नदी किंवा रेल्वे लागली की परवानग्या आणि खर्च दोन्ही वाढतात. आणि गावातून आधी कुणीतरी पुढे यावं लागतं, नकाशावर घरं आणि शेतं मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन होकार गोळा करावे लागतात, ते झाल्याशिवाय त्या गावात खोदकाम सुरू होत नाही.