हवाईतला नाताळ : आमच्यासोबत निघालेल्या प्रवाशांसाठी

नमस्कार.

डिसेंबरच्या सहलीसाठी आपण आमच्याकडे नाव नोंदवलेत, त्याबद्दल आभार. विमानाच्या वेळा, व्हिसाची कागदपत्रे आणि हॉटेलांची माहिती वेगळ्या कागदावर दिली आहे. हे पत्रक तिथल्या सणाविषयी आणि जेवणाविषयी आहे. पहिल्या वर्षी आम्ही गट घेऊन गेलो तेव्हा असे काही लिहून दिले नव्हते. नाताळच्या जेवणात पोईची वाटी समोर आली आणि आमचे बरेचसे लोक ती बाजूला सारून उठले. दोष त्यांचा नव्हता. वाटीत काय आहे हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते.

वाटीत अळू असतो

हवाईत ज्याला कालो म्हणतात तो आपला अळूच. तिथे तो भातखाचरासारख्या पाणथळ शेतात लावतात. त्याचे कांदे उकडायचे, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटायचे आणि पाणी घालत सारखे करायचे, की पोई होते. रंग जांभळट राखाडी, चव सौम्य. ताजी असेल तर किंचित गोडसर, दोनतीन दिवसांची असेल तर आंबवलेल्या पिठासारखी आंबट. दाटपणाही बोटांनी मोजतात : एका बोटाने उचलता येईल ती घट्ट, दोन किंवा तीन बोटे लागतील ती पातळ. नुसती खाल्ली तर फिकी वाटेल. खारट पदार्थासोबत एकेक घास घ्या, जशी आपण भाकरी कशाबरोबर तरी खातो.

हवाईच्या लोकांना अळू नात्यातला आहे. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले बाळ मृत जन्मले. जिथे त्याला पुरले तिथे अळूचे रोप उगवले. दुसरे बाळ जगले, त्याचे नाव हालोआ, आणि सगळी माणसे त्याच्या वंशातली. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. म्हणूनच पोईचे भांडे उघडे असताना घरात भांडण करायचे नाही अशी जुनी रीत आहे. ही गोष्ट ठाऊक असेल तर वाटी बाजूला सारणे आपल्यालाच जड जाईल.

अळूची पाने म्हणजे लुआउ. हॉटेलांतल्या मेजवान्यांना जे लुआउ नाव पडले ते याच पानांवरून. लाउलाउ नावाच्या पदार्थात डुकराचे मांस आणि मासा अळूच्या पानांत गुंडाळतात, त्यावर ती नावाच्या झाडाचे रुंद पान बांधतात आणि तासन्‌तास वाफवतात. घसा खवखवू नये म्हणून आपण चिंच किंवा आमसूल घालतो, ते दीर्घ शिजवण्यावर भागवतात. ती चे पान फक्त बांधण्यासाठी असते, ते खाऊ नका.

इमू

सणाच्या जेवणाचा मुख्य पदार्थ कालुआ, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत शिजवलेले डुक्कर. या भट्टीला इमू म्हणतात. रायगडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे लगेच उमजेल. खड्डा खणून त्यात किआवेची लाकडे पेटवतात. किआवे हा आपल्याकडच्या वेड्या बाभळीचा जवळचा नातलग. त्यावर लाव्हाचे सच्छिद्र दगड लालबुंद तापवतात, कारण नदीतले घट्ट, ओले दगड तापल्यावर फुटतात. मग चेचलेली केळीची खोडे, त्यावर मांस, त्यावर ती ची आणि केळीची पाने, ओली गोणपाटे आणि शेवटी माती. केळीच्या खोडातल्या पाण्याची वाफ आत कोंडून राहते आणि काम करते. बऱ्याच घरी 24 तारखेच्या रात्री इमू पुरतात आणि सकाळी उघडतात. माती बाजूला करताना निघणारा धूर आणि पानांचा वास अनुभवायला मिळाला तर झोप मोडून जा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

शाकाहारी मंडळींसाठी

बिनधास्त खाता येईल असे : पोई, उकडलेली जांभळी रताळी, भात, फळे, हाउपिया (नारळाच्या दुधाची वडी) आणि कुलोलो. कुलोलो म्हणजे किसलेला अळू, नारळाचे दूध आणि साखर एकत्र शिजवून केलेली तपकिरी, चिकट वडी.

विचारल्याशिवाय खाऊ नये असेही बरेच आहे. पानांची हिरवी भाजी दिसते त्यात अनेकदा माकूल असते. साइमिन नावाच्या शेवयांचे पाणी बहुधा माशाचे किंवा मांसाचे असते. मॅकरोनीच्या सॅलडमध्ये अंड्याचे मेयोनेज असते. भातावर तपकिरी रस ओतला असेल तर तो गोमांसाचा असण्याची शक्यता मोठी. लोमी सॅमन कोशिंबिरीसारखी दिसते, पण टोमॅटो-कांद्यासोबत त्यात खारवलेला मासा असतो. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका. मांस, मासे, अंडी चालत नाहीत असे एकेक नाव घेऊन सांगा. लोक मनापासून मदत करतात.

हा सण तिथे आला कसा

नाताळ यायच्या आधीही या दिवसांत तिथे सण होताच. संध्याकाळी पूर्वेला कृत्तिका उगवल्या की माकाहिकी सुरू होई. म्हणजे साधारण आपण त्रिपुरारी पौर्णिमेला दिवे लावतो तेच दिवस. पाऊस आणि पिकांचा देव लोनो याचा हा काळ सुमारे चार महिने चाले. युद्ध बंद, खेळ, मेजवान्या आणि मुखियांकडे पिकांचा वाटा पोहोचवणे. डिसेंबर हा एकत्र जेवायचा काळ असतो हे त्या लोकांना कुणी शिकवावे लागले नाही.

तरी ‘एकत्र’ हा शब्द जपून वापरायला हवा. जुन्या नियमांप्रमाणे स्त्रिया आणि पुरुष एका पंगतीला बसत नसत. डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी स्त्रियांना वर्ज्य होती. 1819 मध्ये दुसरा कामेहामेहा राजा स्त्रियांसोबत जेवायला बसला आणि तो नियम मोडला. आज नाताळच्या टेबलावर आजी सर्वांत आधी कालुआ वाढून घेताना दिसली, तर त्यामागे हे आहे.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडहून मिशनरी आले, पण ते कडक प्युरिटन वळणाचे होते आणि स्वतःच नाताळ पाळत नसत. सणाला राजमान्यता दिली ती चौथ्या कामेहामेहाने. त्याने आणि राणी एमाने अँग्लिकन पंथ आपल्या राज्यात आणला आणि 1862 साली नाताळ राज्याचा सण ठरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा चार वर्षांचा एकुलता मुलगा गेला होता. होनोलुलूतल्या सेंट अँड्रयूज कॅथेड्रलमध्ये आपण जाऊ तेव्हा ही गोष्ट मनात असू द्या. ते चर्च या दांपत्याच्या इच्छेतून उभे राहिले.

‘मेले कालिकिमाका’

ही ‘मेरी ख्रिसमस’चीच हवाईयन उच्चारणी. त्या भाषेत र नाही, स नाही, दोन व्यंजने जोडून येत नाहीत आणि शब्द व्यंजनाने संपत नाही. मग ‘ख्रिसमस’चे ‘कालिकिमाका’ होते. आपणही पोर्तुगीजांचा शब्द घेऊन ‘नाताळ’ केलाच की. समोरच्याने म्हटले की तुम्हीही म्हणा, उत्तरादाखल हसू नका. आभार मानताना ‘महालो’.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर गोव्याच्या मंडळींसाठी खास. 1878 पासून मदेरा आणि अझोरेस बेटांवरून पोर्तुगीज कुटुंबे हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर कामाला आली. त्यांच्या घरी नाताळला व्हिनेगर आणि लसणात मुरवलेले डुकराचे मांस करतात. नाव विन्या दाल्यूश. हेच नाव गोव्यात येऊन विंदालू झाले, मिरची-मसाल्याने लाल झाले. अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर दोन बेटांवरच्या नव्हे, पण दोन किनाऱ्यांवरच्या स्वयंपाकघरांत एकाच सणाला एकच बरणी मुरत असते, याचे आम्हाला दर वर्षी नव्याने अप्रूप वाटते. उकुलेलेसुद्धा त्याच मदेराच्या लोकांनी आणलेल्या छोट्या गिटारीतून घडली.

काही रीती

गळ्यात फुलांची माळ, म्हणजे लेई, घातली तर नाकारू नका आणि देणाऱ्यासमोर काढू नका. गरोदर बाईला बंद माळ घालत नाहीत, दोन टोके मोकळी असलेली घालतात. सुकल्यावर ती कचऱ्यात टाकू नये. आपण निर्माल्याचे जे करतो तेच करा : दोरा काढून फुले झाडाच्या बुंध्याशी ठेवा. दोरा काढायला विसरू नका, त्यात पक्षी-प्राणी अडकतात.

घरी बोलावले तर चपला दाराबाहेर आणि हात रिकामे नकोत. मात्र भारतातून ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, बिया, फुले नेता येत नाहीत आणि जवळचा प्रत्येक खाण्याचा पदार्थ विमानतळावर जाहीर करावा लागतो. जुन्या देवस्थानांच्या दगडी चौथऱ्यांवर चढू नका, तिथला दगड उचलून आणू नका.

होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर डिसेंबरात प्रचंड लाटा येतात. त्या पाहायच्या, पाण्यात उतरायचे नाही. पोहायला दक्षिणेचा वायकीकी किनारा. तिथे सांताक्लॉज होडीतून येतो, आणि होनोलुलूच्या नगरभवनासमोर अनवाणी पाय कारंज्यात सोडून बसलेला भलामोठा सांता आहे. मुलांना तो फार आवडतो. दिवसा साधारण 27 अंश असते, सुती कपडे आणा, सोबत एक छत्री. 25 तारखेला पर्ल हार्बरचे स्मारक बंद असते, म्हणून तो दिवस आम्ही मोकळा ठेवला आहे.

घरी फोन करताना लक्षात ठेवा : हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. इथे 25 तारखेचे सकाळचे साडेनऊ वाजले असतील, तेव्हा तिथे 24 ची संध्याकाळ, सहा वाजलेले.

जाण्याआधी घरी करून पाहा : हाउपिया

दोन वाट्या नारळाचे घट्ट दूध, पाऊण वाटी पाणी, पाच मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, पाच मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घ्या, बाकीचे मंद आचेवर ठेवा, मग कालवलेले त्यात ओतून सतत ढवळा. चमच्याला दाट चिकटू लागले की ताटात ओता, गार करून खरवसासारख्या वड्या पाडा. दूध घरी काढलेले असेल तर फरक जिभेला कळतो. निघण्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी आमच्या कार्यालयात सगळे भेटणार आहोत, तेव्हा आपापल्या वड्या घेऊन या. घरच्यांनाही आणा. पोई आम्ही अळकुड्यांची करून ठेवू.