तट पडला, रस्ता आला: डी. एन. रोडची पार्श्वभूमी

चर्चगेट स्टेशनाजवळ गेट कुठेच नाही, हे मुंबईत नव्यानं आलेल्याला हमखास खटकतं. गेट होतं, पण आज फ्लोरा फाउंटन आहे तिथे. सेंट थॉमस चर्चकडे नेणारा तो कोटाचा पश्चिम दरवाजा. इंग्रजांच्या मुंबईला तटबंदी होती, बाहेर खंदक होता आणि आत गोरे नि देशी दाटीवाटीनं राहत. 1803 च्या आगीत कोटाचा उत्तर भाग, म्हणजे मुख्यतः देशी वस्ती, जळाला. तेव्हापासून माणसं तटाबाहेर सरकू लागली.

तट प्रत्यक्ष पाडला गेला 1860 च्या दशकात. 1862 मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला. अमेरिकेत यादवी पेटलेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तटाची गरज केव्हाच संपली होती, टंचाई होती ती जागेची. पश्चिमेच्या तटाकडेचा रस्ता मग ऐसपैस झाला. हाच आजचा डी. एन. रोड; तेव्हा त्याचं नाव हॉर्नबी रोड. विल्यम हॉर्नबी हा 1771 ते 1784 या काळातला गव्हर्नर. वरळीकडे समुद्राचं पाणी अडवणारा बांधही त्याच्याच नावानं ओळखला जायचा.

उत्तरेच्या टोकाला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं दोन इमारती समोरासमोर उभ्या केल्या. 1878 साली काम सुरू झालेलं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दहा वर्षांनी पुरं झालं, तर महापालिकेची इमारत 1893 मध्ये. लोकल पकडायच्या घाईत कुणी मान वर करत नाही, पण टर्मिनसच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ: एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

मला मात्र या दोन दिमाखदार इमारतींपेक्षा पुढचा रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नियम आला की इथे बांधणाऱ्यानं तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूनं, पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग मार्ग सोडायचा. वर कुणी गॉथिक बांधा, कुणी ग्रीक खांब लावा, कुणी घुमट चढवा. खाली देवळाच्या ओवऱ्यांसारखी रांग हवीच. मुंबईच्या पावसात या नियमाचं मोल वेगळं सांगायला नको. मालक वेगळे, वास्तुकार वेगळे, तरी रस्ता एकसंध दिसतो तो त्यामुळेच.

पुढे रस्त्याला दादाभाई नौरोजींचं नाव मिळालं. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडला कशी वाहून जाते, हे आकड्यांनिशी मांडणाऱ्या माणसाचं नाव विलायती मालाच्या दुकानांच्या रस्त्याला! इथल्याच व्हाइटअवे लेडलॉ या इंग्रजी दुकानाच्या इमारतीत पुढे खादी विकली जाऊ लागली. दक्षिणेच्या टोकाला, फ्लोरा फाउंटनपाशी, 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. हुतात्मा चौक हे नाव त्यातून आलं.

शहराची वारसा नियमावली 1995 ची. तोवर कमानी दुकानांच्या पाट्यांआड बुजल्या होत्या. मग पाटी कमानीच्या आत, कोरीवकाम न झाकता बसवायची, असं ठरलं. 2004 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी टर्मिनस जागतिक वारसा यादीत गेलं. पाट्या आवरल्या खऱ्या, पण कमानींखाली फेरीवाल्यांनी मांडलेल्या मालातून वाट काढताना पादचारी आजही वैतागून रस्त्यावर उतरतो.