पीसीओडी की ड्युटीचा ताण? पाळी गायब होण्याची दोन कारणं, वरून एकसारखी, आतून उलटी

कोविड वॉर्डात काम केलेल्या नर्स, रेसिडेंट, लॅबवाल्या मैत्रिणींशी बोललं की एक गोष्ट फिरून फिरून ऐकू येते. २०२० च्या आधी पाळी अगदी तारखेला यायची, मग ड्युट्या सुरू झाल्या, एकदा लांबली, मग दोन-तीन महिने आलीच नाही, सोनोग्राफी केली, रिपोर्टवर आलं 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज', आणि झालं, पीसीओडीचा शिक्का बसला. सोबत ठरलेला सल्ला: वजन उतरवा, गोड बंद करा, व्यायाम वाढवा.

आता काहींना खरंच पीसीओडी असतो (डॉक्टरी नाव पीसीओएस), जगात साधारण ८ ते १३ टक्के बायकांना असतो, त्यामुळे शिक्का चुकीचाच असणार असं अजिबात नाही. पण दुसरी एक शक्यता असते, ताणाने बंद पडलेली पाळी, तिचं नाव फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया. आणि जर ती असेल तर वरचा सल्ला औषध नाही, विष आहे.

ताणाच्या प्रकारात ओव्हरीत काही बिघडलेलं नसतं, वरून ऑर्डरच येत नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं हार्मोन ठोक्याठोक्याने सुटतं, त्या ठोक्यांवर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन सोडते, मग अंडं तयार होतं. ताणाने कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) चढं राहिलं आणि वर पोटातही पुरेसं जात नसेल तर हे ठोके मंदावतात, शरीर म्हणतं आत्ता पोरंबाळं नकोत, आधी जीव वाचवू. आणि कोविड ड्युटीत नेमकं काय होतं? एकदा पीपीई किट चढवलं की सहा-आठ तास पाणी नाही, घास नाही, कारण बाथरूमला जायचं तर किट उतरवावं लागायचं. घरी इन्फेक्शन नेऊ ही भीती वेगळी, रोजचे मृत्यू वेगळे, झोपेचा पत्ता नाही. नाइटचं तर आधीपासून माहीत आहे, अमेरिकेत सुमारे ७१ हजार नर्सेसच्या अभ्यासात जितके महिने फिरत्या शिफ्ट जास्त तितकी पाळी अनियमित असण्याची शक्यता जास्त, असं दिसलं होतं, आणि तो अभ्यास कोविडच्या कितीतरी आधीचा.

पीसीओएसमध्ये गाडी उलट्या दिशेने जाते. तिथे ठोके जलद पडतात, एलएच बरेचदा जास्त असतं, ओव्हरी पुरुषी हार्मोन जास्त बनवते, अनेकींमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही त्यामुळे हे पुरुषी हार्मोन आणखी वाढतं. अंडी अर्धवट वाढून थांबतात, सोनोग्राफीत दिसतात ती तीच, सिस्ट (पाण्याच्या गाठी) वगैरे काही नसतं, नावच फसवं आहे.

मग गोंधळ का होतो? एक तर ताणाने पाळी गेलेल्या बऱ्याच जणींच्या ओव्हरीतही तशीच भरपूर बारीक अंडी दिसतात. म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर निदान होत नाही, पीसीओएस ठरवायच्या २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची गडबड, पुरुषी हार्मोन जास्त (रक्तात किंवा चेहऱ्यावरच्या केसांत वगैरे दिसणारं), आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. शिवाय इतर कारणं आधी बाजूला काढावी लागतात, आणि नेमकं हेच लोक विसरतात. पाळीची गडबड अधिक सोनोग्राफी म्हणजे दोन झाले की, असं म्हणून मोकळे.

आणि महामारीने यात स्वतःची भर घातली. पीसीओएसचे पिंपल्स बरेचदा हनुवटी आणि जबड्यावर येतात, आणि एन ९५ तासन्‌तास घासून पिंपल्स कुठे येतात? तिथेच. केस गळण्याचं तेच, कोविड होऊन गेल्यावर किंवा मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केसांचे पुंजके निघतात आणि पुढे भरूनही येतात, पीसीओएसमध्ये मात्र मधल्या भांगाशी हळूहळू विरळ होत जातं. थकलेल्या बाईने दोन्ही सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पीसीओडी पक्का.

वेगळं ओळखायला इतिहास सगळ्यात कामाचा. वयात आल्यापासूनच पाळी दोन-दोन महिन्यांनी येत असेल, हनुवटीवर जाड केस असतील, तर पीसीओएसकडे बघा. इतकी वर्षं नीट होती आणि ड्युटीनंतर बिघडली, त्यातच वजन उतरलंय, तर आधी ताणाचा विचार करा. रक्तात ताणाच्या प्रकारात एलएच आणि इस्ट्रोजेन कमी, पुरुषी हार्मोन नॉर्मल. पीसीओएसमध्ये इस्ट्रोजेन असतं, म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा कोर्स संपला की बहुधा रक्तस्राव येतो, ताणाच्या प्रकारात बरेचदा येत नाही. ही टेस्ट शंभर टक्के नाही हेही खरं. एक सांगायचं राहिलं, किटमध्ये पॅड बदलता येत नव्हतं म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरला ते सांगाच, नाहीतर सगळा हिशोब चुकतो.

धोकेही उलटे. पीसीओएसमध्ये गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने वाढत राहतं, ते काढायला मधूनमधून पाळी आणावी लागते. ताणाच्या प्रकारात इस्ट्रोजेनच कमी असल्याने हाडं झिजतात, सहा महिने पाळी नसेल तर हाडांची घनता बघायला सांगतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी दोन्हीत महिन्याला रक्त दिसेल, पण ताणाच्या प्रकारात मूळ दुखणं तसंच, फक्त झाकलेलं. तिथे जास्त खायचं, व्यायाम कमी करायचा, झोपायचं. ऐकायला गंमत वाटते पण समुपदेशनही चालतं, २००३ मध्ये अशा १६ बायकांवर एक छोटासा प्रयोग झाला, ज्या आठ जणींना २० आठवडे सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) दिली त्यातल्या सात जणींच्या ओव्हरीचं काम परत सुरू झालं, नुसतं थांबून पाहिलेल्या आठमध्ये दोघींचं.

एखादीला दोन्ही असू शकतं बरं का, आधीपासून पीसीओएस आणि वर ड्युटीने खाणंपिणं गेलं, मग कुठल्याच चौकटीत बसत नाही. सलग तीन महिने पाळी नाही किंवा दर वेळी ४५ दिवसांच्या पुढे जाते, तर तपासा: आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग थायरॉइड, मग प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन). प्रोलॅक्टिनवरून आठवलं, स्टाफ रूममध्ये अ‍ॅसिडिटीसाठी चॉकलेटसारख्या खाल्ल्या जाणाऱ्या कॅप्सुलांत बरेचदा डॉमपेरिडोन नावाचं औषध असतं, आणि तेही प्रोलॅक्टिन वाढवून पाळी लांबवतं, तेव्हा लेबल बघा.