हावेलिनाची शिकार : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या दक्षिणेतील सोनोरन वाळवंटात हावेलिनाच्या शिकारीसाठी आमच्यासोबत येणाऱ्या ग्राहकांनी निघण्यापूर्वी हे पत्रक पूर्ण वाचावे, अशी विनंती आहे.

हावेलिना म्हणजे गळ्याभोवती फिकट पट्टा असलेला पेकरी हा प्राणी. तो रानडुकरासारखा दिसत असला, तरी डुकराच्या कुळातला नाही. पूर्ण वाढलेल्या जनावराचे वजन साधारण 16 ते 27 किलो भरते. महाराष्ट्रातले रानडुक्कर डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या पाहुण्याला हे लहान जनावर आहे त्याहून दूर वाटते आणि नेम चुकतो. म्हणून अंतर यंत्रानेच मोजावे.

राज्याच्या गेम अँड फिश खात्याचा शिकार परवाना आणि बहुधा सोडतीतून मिळणारा टॅग (एक जनावर मारण्याची परवानगी देणारी चिठ्ठी), हे दोन्ही आवश्यक आहेत. नोकरीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई असून, वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. त्यामुळे परवाना हाती आल्याशिवाय आम्ही कोणाच्याही हाती बंदूक देत नाही.

हावेलिनाची नजर अधू, पण नाक फार तीक्ष्ण असते. थंडीत सकाळी कळप उन्हाच्या उतारावर येतो, तेव्हा समोरच्या टेकडीवर बसून दुर्बिणीने तो उतार सावकाश न्याहाळावा आणि मगच वारा तोंडावर घेत पुढे सरकावे. चावलेल्या फड्या निवडुंगाच्या कडेला ओले तंतू लोंबत असतील, तर कळप नुकताच तिथून गेलेला असतो. बिथरलेला कळप दात वाजवत चौफेर पांगतो आणि एखादे जनावर थेट आपल्याच दिशेने धावते. बहुतेक वेळा तो हल्ला नसतो, त्याला आपण दिसलेलेच नसतो. अशा वेळी घाईने गोळी झाडू नये. जनावरे एकमेकांना खेटून चालतात, म्हणून मागे दुसरे नाही याची खात्री होईपर्यंत थांबावेच लागते. तांबूस पिल्ले सोबत असलेली मादी आमच्या फेरीत मारली जात नाही. ही अट आमची आहे आणि आम्ही ती शिथिल करत नाही.

मांस उग्र लागते ही तक्रार बहुधा सोलताना झालेल्या हलगर्जीपणातून येते. पाठीवर, शेपटीच्या थोडे वर, उग्र दर्पाची ग्रंथी असते. ती कापून काढण्याच्या फंदात पडू नये, कारण ती कातड्याबरोबरच निघते. मात्र केसांना लागलेला हात किंवा सुरी मांसाला लागता कामा नये. खाण्याजोगे मांस वाया घालवणे इथे गुन्हा आहे. ते लगेच बर्फात ठेवावे आणि शिजवताना आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापमान गाठू द्यावे.