होडी फुगवली, पण दाब मोजला का?

हवेचे दोन लांबट नळे, त्यांना जोडणारी धातूची चौकट, मधोमध बैठक आणि दोन वल्ही. मासेमारीची फुगवायची पॉन्टून होडी म्हणजे एवढंच. घडी घालून गाडीत मावते, उथळ पाण्यातही सहज जाते. मात्र तिचा सगळा भार कोंडलेल्या हवेवर असतो आणि ती हवा दिवसभर सारखी राहत नाही.

अशा नळ्यांत साधारण २ ते ३ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब भरतात. समजा, सकाळी २० अंश तापमानात गेजवर २.५ दिसले. गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब तेवढा दाखवतो. बाहेरचे १४.७ मिळवले की आतला खरा दाब १७.२ होतो. आता होडी काठावर उन्हात राहिली आणि आतली हवा ५० अंशांवर गेली, तर हा दाब दहा टक्क्यांनी वाढून १९ च्या आसपास पोचतो. दहा टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण जोडांवर ताण येतो तो आतल्या-बाहेरच्या दाबांतल्या फरकाचा, आणि तो फरक २.५ वरून सव्वाचारच्या घरात गेलेला असतो! नळा थोडा फुगत असल्याने प्रत्यक्षात आकडा जरा कमी भरेल, तरी जुने जोड उसवायला तो पुरेसा आहे. म्हणून काठावर थांबायचं असेल तर होडी सावलीत ओढा किंवा थोडी हवा सोडा. भरलेली होडी गाडीवर बांधून डोंगर चढतानाही हेच होतं, कारण उंचीवर बाहेरचा दाबच घटतो.

थंड पाण्यात उलटा प्रकार. नळे मऊ पडतात आणि भोक पडलं की काय अशी शंका येते. होडी पाण्यात उतरवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पुन्हा गेज लावा. हाताने दाबून केलेला अंदाज मला पुरेसा वाटत नाही.

खरी गळती शोधायला साबणाचं पाणी उत्तम. व्हॉल्व्हभोवती आणि जोडांवर ते लावलं की बारीक बुडबुड्यांची रांग उठते. पुष्कळदा दोष व्हॉल्व्हच्या पडद्यात अडकलेल्या वाळूच्या एखाद्या कणाचा असतो. चौकटीच्या पिना आणि वल्ह्यांच्या कड्या हलवून बघायला एक मिनिटही लागत नाही.

४० सेंटिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा नळा ३०० किलोहून जास्त पाणी बाजूला सारू शकतो. म्हणजे एक नळा फुटला तरी दुसरा माणसाचं वजन पेलेल, पण होडी कलंडून माणूस पाण्यात जाईल. थंड पाण्यात पडताच आपोआप धाप लागते आणि काही मिनिटांत बोटांची पकड सुटते. बैठकीमागे बांधलेलं लाइफ जॅकेट तेव्हा घालता येत नाही. ते आधीच अंगात हवं. छातीपर्यंतच्या वेडर्समध्ये, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालतात त्या जलरोधक विजारीत, पाणी शिरलं की माणूस तळाशी ओढला जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. पाण्यात पाण्याचं वजन जाणवत नाही. बाहेर चढताना ते जाणवतं, म्हणून वेडर्सवर कमरेला पट्टा घट्ट बांधायचा.

वाहत्या पाण्यात सगळ्यात जास्त भीती नांगराची. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो, आणि ताणलेला दोर तिला पाण्याखाली खेचू शकतो. दोर एका झटक्यात सुटेल असाच अडकवा आणि तो कापायला सुरी हाताशी ठेवा.