पल्प साहसमालिकांचे पुढील लेखन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील स्वस्त मासिकांतून गाजलेल्या साहसनायकांवर, मूळ लेखक गेल्यावर किंवा मालिका बंद पडल्यावर, दुसऱ्या लेखकाने नव्या कथा-कादंबऱ्या लिहिण्याची प्रथा. ‘पल्प’ हे नाव लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या, लवकर पिवळ्या पडणाऱ्या खरबरीत कागदावरून आले. फ्रँक मन्सी यांनी 1896 मध्ये आपले ‘आर्गोसी’ मासिक पूर्णपणे कथांना वाहिले आणि हा प्रकार रुजला. अंकाचा आकार साधारण 7 × 10 इंच, पाने सुमारे 128.

नायक एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची, ही गोष्ट या मासिकांना नवी नव्हती. ‘द शॅडो’च्या 1931 ते 1949 या काळात 325 कादंबऱ्या निघाल्या. त्यांपैकी 282 वॉल्टर गिब्सन यांच्या, पण अंकावर नाव असे ‘मॅक्सवेल ग्रँट’. मार्च 1933 मध्ये सुरू झालेल्या, एका साहसी शास्त्रज्ञावरील ‘डॉक सॅव्हेज’चे 181 अंक निघाले, पहिला सोडून ‘केनेथ रॉबेसन’ या नावाने, आणि त्यांतील बहुतेक लेस्टर डेंट यांनी लिहिले. ही टोपणनावे प्रकाशकाच्या मालकीची. लेखक आजारी पडला किंवा सोडून गेला, तरी अंक ठरल्या दिवशी बाजारात यायचा. जंगलात वाढलेला टारझन आणि प्राचीन काळातला तलवारबाज कोनान यांची गोष्ट निराळी. ते एडगर राइस बरोज आणि रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्या स्वतःच्या नावाने वाढले. म्हणून त्यांच्याबाबतीत दुसऱ्याचा हात वाचकाला चटकन जाणवतो आणि खुपतोही.

लिहायला बसण्याआधी हक्कांचा उलगडा करावा लागतो. अमेरिकेत 1964 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या मजकुराच्या स्वामित्वहक्काचे 28व्या वर्षी नूतनीकरण करावे लागे. ते झाले असेल तर संरक्षण प्रकाशनापासून 95 वर्षे टिकते, झाले नसेल तर मजकूर खुला होतो. व्यापारचिन्हाला मात्र अशी मुदत नसते. वापर आणि नोंदणी चालू असेपर्यंत ते जिवंत राहते. टारझनची 1912 मधील पहिली कथा अमेरिकेत खुली आहे, पण टारझन हे नाव बरोज यांनी 1923 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे व्यापारचिन्ह आहे. 1964-65 मध्ये एका प्रकाशनाने परवानगी न घेता टारझनच्या पाच कादंबऱ्या काढल्या. कंपनी न्यायालयात गेली आणि ती पुस्तके बाजारातून मागे घ्यावी लागली. लगोलग 1966 मध्ये फ्रिट्झ लायबर यांची अधिकृत कादंबरी आली. परवान्यात साधारणपणे मुदत, माध्यम, मानधनाचा वाटा आणि मंजुरीचे टप्पे लिहिलेले असतात: आधी आराखडा, मग हस्तलिखित, मग मुखपृष्ठ. नवखे लेखक एक कलम हमखास नजरेआड करतात: नव्या कादंबरीत आपण निर्माण केलेला खलनायक किंवा सहायक बहुतेक वेळा हक्कधारकाचा होतो.

दुसरा प्रश्न सामग्रीचा. मूळ लेखकाच्या मागे राहिलेले आराखडे, टिपणे आणि अर्धवट प्रकरणे हे सर्वांत मोलाचे भांडवल. विल मरे यांनी 1991 पासून डॉक सॅव्हेजच्या नव्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतील पहिलीच डेंट यांच्या शिल्लक आराखड्यावर उभी आहे. बरोज यांचे अपुरे टारझन-हस्तलिखित जो लॅन्सडेल यांनी पुरे केले. ते 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. कोनानच्या बाबतीत हेच काम वादात सापडले. हॉवर्ड 1936 मध्ये वारले. पुढे एल. स्प्रेग द कँप आणि लिन कार्टर यांनी त्यांचे तुकडे पुरे केले, काहींत स्वतःची भर घातली, आणि हॉवर्ड यांच्या भलत्याच नायकांच्या कथांत कोनानला बसवले. 1966 पासून निघालेली ही पुस्तके फ्रँक फ्रॅझेटा यांच्या मुखपृष्ठांसह भरपूर खपली. कोनान घरोघर पोचला तो त्यांच्यामुळेच, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण कोणते वाक्य हॉवर्डचे आणि कोणते नंतरचे, हे वाचकाला कळेनासे झाले. ती सरमिसळ काढून मूळ पाठ संपूर्णपणे छापायला 2000 नंतरच्या आवृत्त्या याव्या लागल्या. कोणाचे किती, हे प्रस्तावनेत स्वच्छ सांगणे हा या कामातील पहिला प्रामाणिकपणा होय.

खरी कसोटी वेगाची. मूळ लेखक दर महिन्याला एक कादंबरी हातावेगळी करत. थांबून नक्षीकाम करायला त्यांना उसंतच नसे. डेंट यांनी 6000 शब्दांच्या कथेसाठी मांडलेली पद्धत यासाठी अभ्यासावी. कथेचे 1500 शब्दांचे चार भाग. पहिल्याच ओळीत, निदान तिच्या जवळपास, नायकावर संकट कोसळते. प्रत्येक भागात संकट आणखी दाट होते, एकदा तरी हातघाई होते आणि शेवटी गोष्ट अनपेक्षित वळण घेते. चौथ्या भागात नायक जवळजवळ संपतो आणि स्वतःच्या बुद्धीने सुटतो. खून करण्याची तऱ्हा, खलनायकाला हवी असलेली वस्तू आणि घटनास्थळ यांपैकी काही तरी निराळे असलेच पाहिजे. आजची कादंबरी मूळ अंकापेक्षा बरीच जाडजूड असते आणि चूक होते ती इथेच. वाढीव पाने भरायला पाठलाग, कैद आणि सुटका हाच फेरा तिसऱ्यांदा फिरवला जातो आणि भीती मरते. त्यापेक्षा दुसरा प्रतिस्पर्धी आणावा, म्हणजे एका सुटकेतूनच दुसरी कोंडी तयार होते.

ओळखीच्या लकबींचेही तसेच. डॉकच्या तोंडून नकळत निघणारा, शीळ घातल्यासारखा कंपित सूर, माँक आणि हॅम या त्याच्या सहकाऱ्यांची अखंड भांडणे, हॅमची गुप्ती, रेनी या आणखी एका सहकाऱ्याच्या ठोशाने फुटणारे दरवाजे या गोष्टी जुन्या वाचकाला हव्याच असतात. पण प्रत्येक प्रकरणात एकेक उरकली की कादंबरी हजेरीपटासारखी होते. भांडणाने काम केले पाहिजे: माँक-हॅमची जुंपली असताना मागच्या दारातून कोणी सटकावे, किंवा चिडलेल्या हॅमच्या बोलण्यातून धागा निसटावा. डॉकचा सूर तर पुस्तकात दोन-तीनदाच यावा, तोही सहकाऱ्यांना कळण्याआधी त्याला काही उमगले असेल तेव्हा.

कथा कोणत्या काळात ठेवायची, यावर दोन मते आहेत: नायकाला नव्या काळात आणावे, किंवा त्याच्याच काळात ठेवावे. शॅडोच्या 1963 ते 1967 मधील पुस्तकांपैकी पहिले गिब्सन यांचे. नंतरची आठ डेनिस लिंड्स यांनी लिहिली. त्यांत नायक हेरगिरीच्या युगात आला आणि रेडिओ-मालिकेतील शॅडोप्रमाणे माणसांची मने झाकोळून त्यांना दिसेनासा होऊ लागला. मासिकातला शॅडो काळ्या झग्यात, अंधाराचा आडोसा घेत फिरणारा हाडामांसाचा माणूस होता. तो दिसेल की काय, हीच धाकधूक वाचकाला धरून ठेवत असे. मन झाकोळता आले की आडोशाची गरज संपते आणि धाकधूकही. नायकाला त्याच्याच काळात ठेवणे अधिक टिकाऊ ठरते, मात्र तो काळ तपशिलात उतरावा लागतो. एप्रिल 1933 नंतर अमेरिकेत खासगी सोने सरकारजमा करण्याचा हुकूम होता. 1934 मधील खलनायक सोन्याच्या नाण्यांनी उघड व्यवहार करू लागला तर जाणकार वाचक तिथेच थबकतो.

जुन्या कथांतील वंशद्वेष, ‘पौर्वात्य’ खलनायकांचा साचा आणि बायकांना ओलीस धरण्यापुरतेच स्थान हे पुढे चालवण्याचे कारण नाही. ते काढल्याने मालिकेचे काही बिघडत नाही. डॉक गुन्हेगारांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या गतायुष्याच्या आठवणी पुसतो, हा तपशील जास्त कठीण. तो त्याच्या ‘मारायचे नाही’ या व्रताशी जोडलेला आहे, म्हणून गाळता येत नाही, आणि आजच्या वाचकाला तो भयंकर वाटतो. अशा वेळी कथेतल्याच एखाद्या पात्राने डॉकला त्याचा जाब विचारावा. त्याने व्यक्तिरेखा खोल होते.

मुखपृष्ठ हा भाग लेखकाच्या हाती क्वचितच असतो. 1964 पासूनच्या डॉक सॅव्हेजच्या पुनर्मुद्रणांसाठी जेम्स बामा यांनी फाटक्या सदऱ्यातला, कपाळावर केसांचे टोक उतरलेला डॉक रंगवला आणि असंख्य वाचकांच्या मनात तोच बसला. मूळ मजकुरात त्याचे केस धातूच्या टोपीसारखे डोक्याला घट्ट चिकटलेले आहेत. नव्या पुस्तकांची चित्रे अजूनही बामांच्या वळणावर जातात. शब्दांत मात्र डेंट यांचेच वर्णन पाळायचे असते.