राष्ट्रपतीची निवडणूक अन् आपलं कोरं बोट

१८ जुलै २०२२, सोमवारची सकाळ. आईनं टीव्ही लावलेला, त्यावर मतदान सुरू, मतदान सुरू असं चाललेलं, अन् ती स्टीलच्या डब्यातून वोटर आयडी काढून मला विचारून राहिली होती की यावेळी आपलं बूथ कोणत्या शाळेत आलं. मी म्हटलं आई, यात आपलं मत नसतं, आमदार-खासदार मत देतात. ती कार्ड हातात धरून बघतच राहिली. मग म्हणे, "एवढ्या मोठ्या पदाले आपलं मतच नाही?"

तिला द्रौपदी मुर्मूंबद्दल आपुलकी वाटत होती. सिंचन खात्यात नोकरी, मग शाळेत शिकवणं, मग १९९७ मध्ये ओडिशातल्या रायरंगपूरची नगरसेविका, अशी बाई राष्ट्रपती भवनात जाणार म्हणजे आपल्यासारख्यांचं कोणीतरी तिथं बसणार असं तिचं साधं म्हणणं. तिच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला जे सापडलं ते इथे लिहून राहिलो, कारण हा प्रश्न आपल्या नागपुरात खूप जणांना पडतो आणि तो काही आजचा नाही.

घटना समितीतच तो पडला होता. के. टी. शहा नावाचे अर्थतज्ज्ञ सदस्य होते, त्यांचा आग्रह होता की राष्ट्रपती थेट लोकांनी निवडावा, प्रत्येक प्रौढ माणसाच्या मतानं. नेहरूंनी जुलै १९४७ मध्येच त्याच्या उलट बाजू मांडली होती, की खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे अन् संसदेकडे ठेवायची आहे, मग सगळ्या देशाच्या मतांनी एक माणूस निवडायचा आणि त्याच्या हातात काहीच द्यायचं नाही हे विसंगत होईल. डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनीही तेच सांगितलं, वर मतदारांची प्रचंड संख्या आणि एवढी निवडणूक घ्यायला लागणारी यंत्रणा हे मुद्दे जोडले. शहांची दुरुस्ती पडली. मला स्वतःला नेहरू-आंबेडकरांचं म्हणणं पटतं, कारण थेट निवडून आलेला राष्ट्रपती आणि पंतप्रधान असे दोघंही 'लोकांनी मला निवडलं' म्हणत समोरासमोर उभे राहिले असते तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. पण शहांची तळमळही खोटी नव्हती. १९५२ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा हेच शहा राजेंद्रप्रसादांच्या विरोधात उभे राहिले, ज्या पद्धतीला विरोध केला त्याच पद्धतीत. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४००, शहांना ९२,८२७.

आता त्यात नागपूर कुठे होतं ते बघा. १९५२ ला आपले आमदार मध्य प्रदेशचे आमदार म्हणून मोजले गेले, कारण नागपूर त्या राज्याची राजधानी होती. १९५७ ला द्विभाषिक मुंबई राज्यात. १९६२ ला राधाकृष्णन निवडून आले तेव्हा महाराष्ट्रात. नागपूरच्या महाल भागातल्या किंवा इतवारीतल्या माणसानं घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही, तरी राष्ट्रपतीपदाच्या पहिल्या तीन निवडणुकांत त्याच्या आमदाराचं मत तीन वेगवेगळ्या राज्यांच्या खात्यात गेलं.

हिशोब कसा चालतो तेही सांगतो कारण लोकांना वाटतं एक आमदार एक मत. तसं नाही. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, पुन्हा भागिले हजार. आणि लोकसंख्या आजची नाही तर १९७१ च्या जनगणनेची, कारण ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन नीट केलं त्यांचं वजन घटू नये म्हणून १९७६ मध्ये तो आकडा गोठवला, पुढे २००१ च्या घटनादुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५, आमदार २८८, म्हणून एका आमदाराचं मूल्य १७५. उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं ७. सगळ्या राज्यांच्या आमदारांचं मूल्य मिळून जेवढं होतं तेवढंच वजन खासदारांना वाटून देतात, २०२२ मध्ये ते एका खासदाराला ७०० आलं. विधान परिषदेच्या आमदारांना यात मत नाही, राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदारांनाही नाही.

नागपूर जिल्ह्यात १२ आमदार, शहरात ६ अन् बाहेर काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक. १२ गुणिले १७५ म्हणजे २१००. नागपूर अन् रामटेक हे दोन खासदार, १४००. एकूण ३५००. देशभराची बेरीज १०,८६,४३१, त्यात आपल्या अख्ख्या जिल्ह्याचं वजन ३५००. मी हे आईला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं तर ती म्हणे, म्हणजे आहे नं काहीतरी.

आहे, आणि किती थोड्या वजनानं निकाल फिरतो हे १९६९ ला दिसलं. ३ मे १९६९ ला झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक झाले, पण त्यांना स्वतःला उभं राहायचं होतं म्हणून २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपती पण नाही, मग कोण? संसदेनं दोन महिने आधीच कायदा करून ठेवला होता की अशा वेळी सरन्यायाधीश ते काम बघतील. अन् सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला, जे आपल्या मॉरिस कॉलेजात शिकले, नागपूर हायकोर्टात वकिली केली आणि १९५४ पासून त्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. २४ ऑगस्टपर्यंत ते देशाचे राष्ट्रपती म्हणून बसले, बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर त्यांनीच सही केली. मॉरिस कॉलेजसमोरून जाताना मला दरवेळी हे आठवतं, खोटं नाही सांगत.

आणि निवडणुकीत तिसरे उमेदवार कोण, तर चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपद सोडणारे सीडी. त्यांची आयसीएसची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या वरिष्ठ सरकारी नोकरीची, सुरुवातीची वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात म्हणजे आपल्याच भागात गेली होती. स्वतंत्र पक्ष अन् जनसंघाचा त्यांना पाठिंबा होता. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, यशवंतराव चव्हाणांनी पण पक्षाच्या बैठकीत रेड्डींच्याच बाजूनं मत दिलं होतं. पण इंदिरा गांधींनी आमदार-खासदारांना सांगितलं की विवेकाला स्मरून मत द्या, आणि त्याचा अर्थ गिरींना द्या असा आहे हे सगळ्यांना कळलं.

या मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २ असा पसंतीचा क्रम लिहितात. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ लागत होती, म्हणजे पहिल्या फेरीत कोणीच जिंकलं नाही. मग खालचे उमेदवार बाद करत करत त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली गेली. देशमुखांची बरीच दुसरी पसंती रेड्डींकडे गेली, रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत आले, पण गिरी ४,२०,०७७ वर पोचले. जिंकायला लागणाऱ्या आकड्यापेक्षा फक्त १९०८ जास्त. आपल्या जिल्ह्याचं २०२२ मधलं वजन ३५०० होतं, हे लक्षात घ्या. त्या निकालानंतर तीन महिन्यांत काँग्रेस फुटली.

त्यानंतरच्या बऱ्याचशा निवडणुका निकाल आधीच ठरल्यासारख्या झाल्या, १९७७ ला तर तेच रेड्डी बिनविरोध आले. आपल्या मनाजवळची म्हणजे २००७ ची. प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती, माहेर जळगावकडचं, सासर अमरावतीचं, १९९१ मध्ये अमरावतीच्याच खासदार. शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती तरी मराठी माणूस म्हणून ताईंच्या पाठीशी उभी राहिली. अमरावतीची सून राष्ट्रपती झाली याचा आनंद आमच्या घरात झाला होता, तो खरा होता.

शंका पण तितकीच खरी आहे. लोक 'रबर स्टॅम्प' म्हणतात ते उगाच नाही म्हणत. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली आणि मंत्रिमंडळाची मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पण १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत पाठवली, २००६ मध्ये कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं. माणूस कोण आहे यानं फरक पडतो.

ती सही नागपूरपर्यंत येते का? येते. २९ जुलै २०१५ ला रात्री उशिरा याकूब मेमनचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला आणि ३० ला सकाळी वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये फाशी झाली. कोणाचं मत काहीही असो, एका माणसाचा जीव एका सहीवर होता अन् ती भिंत आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५.४७ ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आपल्या नागपूर दक्षिण-पश्चिमचे आमदार देवेंद्र फडणवीस आठच्या सुमारास मुख्यमंत्री झाले, आम्ही उठलो तेव्हा सगळं होऊन गेलेलं. आणि विदर्भाचं काय, तर वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये राष्ट्रपतींच्याच आदेशानं आलं, कलम ३७१ खाली, म्हणजे अनुशेषाचा, राहून गेलेल्या विकासाचा, हिशोब मागायला आपल्याला एक जागा मिळाली. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. वेगळ्या विदर्भाचं विधेयक संसदेत मांडायचं तरी कलम ३ प्रमाणे आधी राष्ट्रपतींची शिफारस लागते.

म्हणून मला आमदाराच्या त्या १७५ बद्दल विचारावंसं वाटतं. मतदान गुप्त असतं, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश चालत नाही, पक्षांतरबंदी कायदा लागू होत नाही. गुलाबी मतपत्रिकेवर आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननं आमदार पसंतीचा आकडा लिहितो, तोही मुंबईच्या विधान भवनात, मग पेटी विमानात स्वतःच्या सीटवर बसून दिल्लीला जाते. मी २०२२ ला आमच्या आमदाराच्या ऑफिसात जाऊन विचारलं होतं की साहेब कोणाला देणार आणि का. तिथल्या पोरानं सांगितलं, हे पब्लिकचं मॅटर नाही.

मुर्मूंची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. आईचं कार्ड परत डब्यात गेलं आहे, पण तिनं मला सांगून ठेवलं आहे की त्या ऑफिसात पुढच्या वेळी ती स्वतः येणार आहे, वहीचं ते पान घेऊन.